हात धुतला की यश जातं

राजूरला जाऊन मला चार महिने झाले होते, तेव्हा एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "नर्सबाई, राग मानू नका, पन तुमच्या हाताला यश न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता, कीवच होती. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि पदर सावरून निघून गेली. मी हातातलं गरम पातेलं धरून तशीच उभी राहिले. बोटं भाजली तेव्हा भानावर आले.

यश हा शब्द मला तोवर परीक्षेपुरता माहीत होता. माझे वडील केडगावचे, प्राथमिक शाळेत मास्तर. पंधराव्या वर्षी माझं लग्न लावून दिलं आणि पाच वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. माझी ट्रंक त्यानं स्वतः आणून वडिलांच्या ओट्यावर ठेवली, पाणी प्यायला आणि गेला. आमच्याकडच्या बायकांच्या हिशेबी मी विसाव्या वर्षीच नापास झाले होते. वडिलांनी मात्र कुणाला न विचारता मला नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंगला घातलं. तिथल्या मोठ्या बाई बुटक्या, कडक आणि भयंकर तोंडाळ होत्या. दिवसातून शंभर वेळा त्या एकच म्हणायच्या, "हात धुवा." आम्ही पाठ वळवून त्यांची नक्कल करायचो. बाळंतीण स्वतःच्या पायानं घरी गेली पाहिजे, बाकी तुमची सर्टिफिकिटं चुलीत घाला, असंही त्या म्हणायच्या. मी पहिली आले तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं नाही, नखं तपासली.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं खोकत खोकत नगर जिल्ह्यातल्याच अकोल्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीनं मी राजूरला पोचले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं हिरडा, मध, कोंबड्या घेऊन उतरायची, पडवीत टेकायची, माझ्याकडे टकामका बघायची. मी भिंतीवर माझं सर्टिफिकिट टांगलं होतं. ते कुणाला वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना त्याचं काही वाटलं नाही. तरी मी खूश होते. आपल्याला मूल झालं नाही, निदान दुसऱ्यांची सुखरूप आणू, असं मनाशी म्हणायचे आणि ते म्हणताना मला रडू यायचं.

गावात एक म्हातारी सुईण होती. साठीची, उंच, काटकुळी, हातभर गोंदलेली. तिच्याबद्दल सगळे एकच सांगायचे: हिच्या हातात आजवर एकही बाई दगावली नाही. तिचा हात म्हणजे देवीचा हात. ती बाजारातून चालली की लोक वाट द्यायचे, पोटुशी बाई दिसली तर वाकून तिचा हात आपल्या पोटाला लावून घ्यायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, आणि दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मत्सर वाटला. खोटं कशाला सांगू.

माझ्याकडे मात्र बायका यायच्या त्या झोळीत. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चार माणसं आणायची. दोन दोन दिवस कळा देऊन थकलेली बाई, ओठ पांढरे पडलेले, मूल आडवं अडकलेलं. मी पाणी उकळायचे, कार्बोलिकच्या लाल साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, जे शिकले होते ते सगळं करायचे. पहिली पोर सतरा वर्षांची होती. तिची आई बाजारात बांबूच्या पाट्या विकायची. पोर गेली तेव्हा ती आई रडली नाही, नुसती माझ्या हातांकडे बघत बसली. त्यानंतर आणखी दोघी गेल्या. 

मग बोलणी सुरू झाली. विहिरीवर मी गेले की सासवा आपापल्या सुनांना मागे ओढायच्या. एका पोटुशीनं मला बघून पोटावर पदर घेतला. नजर लागू नये म्हणून घेतात तसा. अपेशी, असा शब्द मी आडोशानं ऐकला. आणि माझ्या हाताला यश का नाही, याचं कारणही गावानं शोधून काढलं होतं. ते मला त्या कीव करणाऱ्या बाईनंच दुसऱ्या खेपेला समजावलं. "तुमी सारख्या हात धुता न्हवं का? यश असतंय त्ये हातालाच असतंय. धुतलं की गेलं वाहून. म्हातारी बघा, नुसतं त्याल लावती."

मी त्या दिवशी साबण भिंतीवर फेकून मारला. मोठ्या बाईंची शंभर वेळची शिकवण, माझी दोन वर्षं, माझा पहिला नंबर, सगळं मोरीतून वाहून जाणारं यश झालं होतं. इतकी चिडले की दिवसभर जेवले नाही. संध्याकाळी साबण उचलला, पुसला आणि परत जागेवर ठेवला, कारण दुसरा मिळणं कठीण होतं.

चौथी बाई आली तेव्हा तिच्या सासूला मी विचारलं, "आधी कुणाला बोलावलं होतं?" विचारायला हवं होतं पहिल्याच वेळी, पण तोवर मला हातघाईत सुचलं नव्हतं. सासू म्हणाली, "म्हातारी आल्ती की. परवा सकाळीच आल्ती. पन तिचा हात जड हुता."

"म्हणजे?"

"तसंच असतंय त्ये. ती येती, पोटाला हात लावती. हात हलका असला तर म्हनती, पानी ठेवा. जड असला तर म्हनती, आज माजा हात जड हाय, आन् जाती. देवीनं कौल दिला न्हाई तर ती तरी काय करनार?"

ती बाई वाचली, पण मूल गेलं. तिचं आवरलं तशी मी पाट्या विकणाऱ्या आईकडे गेले. तिला विचारलं. तीच गोष्ट: म्हातारी आली होती, हात जड होता. बाकी दोघींच्या घरी निरोप पाठवून विचारलं. तेच. म्हातारीच्या तळव्याला सगळं कळत होतं! मूल आडवं आहे, वाट अरुंद आहे, हिचं धड होणार नाही, हे तिला एका स्पर्शात, परवा सकाळीच, कळत होतं. आणि कळलं की ती निघून जायची. तिच्या हातात बाई दगावली नाही हे अगदी खरं होतं. दगावणाऱ्या बायकांना ती हातात घेतच नव्हती.

मी तिच्या घरी गेले. ती अंगणात वरई पाखडत होती. वयाचा मान वगैरे माझ्या डोक्यात राहिला नाही. "आजी, तुम्हाला कळतं. मग त्याच दिवशी दवाखान्यात न्या म्हणून का सांगत नाही? दोन दिवस आधी आल्या असत्या तर त्यातल्या काही वाचल्या असत्या."

तिनं सूप थांबवलं नाही. "म्या कुनाला अडवलं का? हात जड हाय म्हनले, मंग त्यांनी कुटं न्यायचं तितं न्यावं."

"त्यांना वाटतं देवीनं नाही म्हटलं. ते देवळात बसतात दोन दिवस."

"आन् नर्सबाईकडं न्या म्हनले असते तर काय म्हनले असते? म्हातारीला येत न्हाई, म्हनले असते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला गावानं चार म्हैन्यात काय नाव दिलं, बघितलंस न्हवं? मला चाळीस वर्सं झाली. एकदा नाव गेलं की त्या सोप्या बाया बी येनार न्हाईत. मंग खायचं काय म्या?"

 तिचं म्हणणं मला कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त भीती वाटली. ही बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात नगरहून साहेब तपासणीला आले. शिकलेले, सोनेरी काडीचा चष्मा, गोड बोलणारे. त्यांनी माझं रजिस्टर पाहिलं. "बाई, हे फार वाईट आहे," ते म्हणाले. "आणि इथली अडाणी सुईण बघा, गावकरी सांगतात तिच्या हातून एकही मृत्यू नाही. तिच्याकडून तुम्हीच काही शिका." मी हात जड होण्याची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्यावर ढकलणं चांगलं नाही, असं काहीतरी बोलले. मला तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात सुधारणा दिसली नाही तर घरी जायचं. आणि पुढच्या बाजारी म्हातारीचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. दवाखान्याच्या पडवीत. माझ्या पडवीत!

म्हणजे इंग्रजी शिकलेला साहेब आणि विहिरीवरच्या सासवा, सगळ्यांची यशाची व्याख्या एकच निघाली. किती मेल्या ते मोजायचं, कशा अवस्थेत आल्या ते विचारायचं नाही. माझं मन घट्ट झालं होतं, तरी त्या रात्री वडिलांच्या ओट्यावर पुन्हा एकदा आपली ट्रंक ठेवली जाणार, हे मनातून जाईना.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून माणसं उतरत होती. पडवीत दोन खुर्च्या आणि एक टेबल, टेबलावर झेंडूचा हार, नारळ आणि हिरवं लुगडं. कापडाची कंट्रोलमध्ये मारामार असताना साहेबांनी ते नगरहून आणलं होतं. मला सरबत करायला सांगितलं होतं. मी लिंबं अशी पिळत होते की एकाची बी उडून साहेबांच्या कोटावर बसली. पाट्या विकणारी आईही गर्दीत पुढेच बसली होती.

म्हातारी आली ती धावत. साठीची बाई धावताना मी आयुष्यात तेव्हा प्रथम पाहिली. डोक्यावर पदर नाही, पाय चिखलानं भरलेले. साहेब हार घेऊन उठले. टाळ्या सुरू झाल्या. ती त्यांच्या बाजूनं तशीच पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"नर्सबाई," ती म्हणाली, "माज्या लेकीला पहाटंपासनं कळा लागल्यात. आत्ता हात लावून आले. माजा हात जड हाय. तू चल."

टाळ्या एकदम थांबल्या. साहेब हार धरून उभेच.  मग पाट्यावाली आई उठली. सावकाश उठली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"तुला कळतं व्हय?"

म्हातारीनं मान वळवली नाही.

"लेकीच्या येळंला जड हात घिऊन नर्सबाईकडं पळत आलीस. म्हंजे तुला कळतं. माज्या पोरीच्या येळंला बी कळलं हुतं का?"

मला वाटलं, म्हातारी आता देवीचं नाव घेईल. तिच्या जागी मी असते तर घेतलं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "कळलं हुतं."

तो 'व्हय' मी अजून विसरलेले नाही. पाट्यावाली खाली बसली, कुणीतरी खांद्यावर दाबून बसवावं तशी बसली. एक बाई हंबरडा फोडून रडायला लागली. नंतर गेलेल्या दोघींपैकी एकीची ती सासू होती. मी पिशवी उचलली आणि म्हातारीमागे पळाले. तिथं उभं राहून काय झालं हे समजून घ्यायला मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर धैर्यही नव्हतं.

लेक घरात भिंतीला टेकून बसली होती. मूल आडवं होतं. पण मुलाभोवतीची पाणमोट फुटलेली नव्हती, अंगात जीव होता, डोळ्यांत भीती होती. राजूरमध्ये इतक्या लवकर कुणी मला बोलावल्याची ही पहिलीच खेप. मी हात धुतले. मग म्हातारीकडे साबण केला. तिनं तो हातात घेतला, क्षणभर बघितला आणि कोपरापर्यंत हात घासून धुतले. दारातल्या दोन म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला.

नगरला मोठ्या बाईंना मी बाहेरून मूल फिरवताना पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. पोटावर हात ठेवला तर माझ्या बोटांना घाईत काहीच नीट लागेना. म्हातारीनं माझा हात धरून सरकवला. "हितं डोकं हाय. हितं बूड. कळ येऊन गेली की ढकल. आत्ता न्हाई. आत्ता." तिचा तळवा सांगत गेला, मी फिरवत गेले. लेक ओरडत होती, मी तिला ओरडत होते, म्हातारी दोघींना शिव्या देत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदम हाताखाली काहीतरी सरकलं, आणि म्हातारी म्हणाली, "हलका झाला."

बाजार उठायच्या आत मुलगी झाली. तिनं टाहो फोडला तेव्हा मी भिंतीला टेकून घळाघळा रडले. म्हातारी रडली नाही. तिनं नातीला पुसलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "आता मला कुनी बोलवनार न्हाई." तक्रार नव्हती त्यात.

झालंही तसंच. हिरवं लुगडं साहेब परत घेऊन गेले. म्हातारीच्या दारावरून जाताना लोक थुंकायला लागले. वाट देणारी माणसंच ती. आणि माझ्या पडवीत बायका यायला लागल्या, वेळेवर, आपल्या पायांनी चालत. मग त्या वाचणारच. त्यात माझं कर्तृत्व ते काय. पण तीन महिन्यांत माझ्या हाताला यश आलं. कीव करणारी बाई सुनेला घेऊन आली आणि माझा हात सुनेच्या पोटाला लावून घेतला. मला ते आवडलं. फार आवडलं. विहिरीवर मला आधी पोहरा मिळायला लागला, कुणी वरणाचं भांडं धाडलं, आणि वडिलांना मी लिहिलं की आता काळजी करू नका.

म्हातारीला मी दवाखान्यात पाणी उकळायला ठेवून घेतलं. लोकांना ते रुचलं नाही. ती मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. आत, पडद्याआड, बाईच्या पोटावर आधी तिचा तळवा पडायचा, मग माझा. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

साहेबांची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. दुपारी एक झोळी आली. लांबच्या वाडीवरची बाई, वाटेत ओढा भरलेला म्हणून अडकलेली. लुगडं रक्तानं भिजून काळं पडलेलं, नाडी हाताला लागेना. सोबतचा नवरा हात जोडून उभा. पडवीत तपासून घ्यायला आलेल्या पाच-सहा बायका बघत होत्या. मी तिच्या पोटावर हात ठेवला. मला कळलं. आणि त्याच क्षणी मला भिंतीवरचं सर्टिफिकिट दिसलं, टेबलावरचं रजिस्टर दिसलं, वडिलांचा ओटा दिसला.

"माझा हात जड आहे," मी म्हणाले. "हिला संगमनेरला न्या."

हे मी म्हणाले. मी! नवऱ्यानं मान हलवली, त्याला ते पटलंसुद्धा. चौघे बांबू उचलायला वाकले. संगमनेर तिच्यासाठी चंद्राइतकं लांब होतं, हे मला माहीत होतं. माझ्याच तोंडून ते शब्द आले होते आणि मी ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ऐकत उभी होते. 

मागच्या दारात म्हातारी उभी होती. तिनं ऐकलं होतं. मला वाटलं ती हसेल. तिला तो हक्क होता. ती पुढे आली, पडवीत, सगळ्यांसमोर, जिथे ती सत्काराच्या दिवसापासून आली नव्हती. तिच्या हातात तांब्या होता.

"नर्सबाई," ती म्हणाली, "हात धू."

मी हात पुढे केले. तिनं पाणी घातलं.

मूल जगलं. ती बाई दिवेलागणीच्या आधी गेली, माझ्या हातात. नवऱ्याला मीच सांगितलं. पडवीतल्या बायका एकेक करून उठल्या, जाताना एकीनं पोटावर पदर घेतला.

दोन दिवसांनी साहेब आले. रजिस्टरावर बोट फिरवत शेवटच्या ओळीवर थांबले. "अरेरे, बाई," ते म्हणाले, "इतकं छान चाललं होतं. ही इतक्या वाईट अवस्थेतली केस तुम्ही घेतलीतच कशाला?"

"ती माझ्याकडे आली होती," मी म्हणाले.